दुसऱ्या मांजराची वहिवाट

कोयनानगरात मृगाचा पाऊस एकदा धरला की मांजर घरचं होतं. एरवी दिवसभर वसाहतीतल्या छपरांवरून आणि कुंपणांच्या कडेकडेने हिंडणारं जनावर पुढचे चार महिने खिडकीत बसून पागोळ्या मोजत राहतं. वर्षाला ५००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, मांजर बाहेर पडत नाही. नेमक्या याच दिवसांत घरातल्या माणसांच्या मनात येतं, की बिचारं एकटं पडलंय, जोडीला एखादं आणू या.

माझ्याही मनात आलं होतं. आमची ठकी तेव्हा चार वर्षांची, अंगाने भरलेली, स्वभावाने तुसडी. जुलैतल्या एका संध्याकाळी पडवीत भिजून लगदा झालेलं पिल्लू दिसलं. टॉवेलात गुंडाळून आत आणलं आणि मोठ्या कौतुकाने थेट ठकीच्या पुढ्यात ठेवलं. ठकीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुलली, कान डोक्याला चिकटले, आणि एका उडीत ती पोटमाळ्यावर गेली ती तिथेच बसली. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी उतरली ती माझ्या उशीवर मुतायला. पिल्लू बापडं पोटभर खाऊन गॅसच्या ओट्याखाली झोपलं होतं. चूक त्याची नव्हतीच.

तेव्हापासून कुणी ‘आमच्या मनीला सोबत हवी, एखादं पिल्लू सांगा’ म्हणालं, की मी पिल्लाचं काही न बोलता मनीची चौकशी करते. दुसरं मांजर निवडायचं ते पहिल्याकडे बघून. रंग, डोळे, झुबकेदार शेपूट हे सगळं नंतर.

जोडी, मैत्री, सोबत हे आपले शब्द झाले. मांजराचा शब्द असलाच तर तो वहिवाट. आपल्या मांजरावर एक दिवस नीट नजर ठेवा. सकाळी ओट्यावरून खिडकी, खिडकीतून कपाटाचा माथा, दुपारी कॉटखाली, संध्याकाळी उंबरा; वाट ठरलेली, वेळ ठरलेली. जाता-येता दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, तुमच्या पोटरीला गाल घासलेला असतो, कारण गालात वासाच्या ग्रंथी असतात. तो वास म्हणजे त्याचा सात-बारा. दुसरं मांजर आलं की या उताऱ्यावर दुसरं नाव चढतं. सातारा-सांगलीकडच्या माणसाला बांधाचं भांडण काय असतं ते वेगळं सांगायला नको. बांधाला बांध लागलेले दोन शेतकरी जिवाभावाचे मित्र नसले तरी चालतं. एकाने दुसऱ्याची पायवाट नांगरली नाही म्हणजे झालं. दोन मांजरांकडूनही आधी एवढीच अपेक्षा ठेवा.

याला कारण आहे. मांजर एकट्याने शिकार करतं, कारण एक उंदीर एकाच्याच पोटाला पुरतो. मोठं सावज मारून दहा जणांत वाटून खाण्याची त्याची रीत नाही. पण मच्छीबाजाराच्या मागे, जिथे खायला मुबलक पडलेलं असतं, तिथे मांजरं घोळक्याने राहतात. नीट पाहिलं तर त्या घोळक्याच्या मध्यभागी बहुधा आई, तिच्या लेकी, मावश्या असतात. एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. म्हणजे मांजर माणूसघाणं तसं मांजरघाणं नाही. नातलगांशी त्याचं आपसूक जमतं, परक्याशी जमवून घ्यावं लागतं. म्हणूनच ज्यांच्या घरी अजून एकही मांजर नाही, त्यांनी एकाच वेताची दोन भावंडं एकदम आणावीत. पुढची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. ज्यांच्याकडे एक आहे त्यांच्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न, दुसरं हवं आहे का, आणि कुणाला? मांजर पायांवर झडप घालतं, पहाटे चारला ओरडून उठवतं, पडदे ओरबाडतं, ही लक्षणं बहुतेक वेळा कंटाळ्याची असतात. त्यावर दुसरं मांजर आणणं म्हणजे मूल अभ्यास करत नाही म्हणून त्याला भाऊ आणण्यासारखं. आधी महिनाभर रोज दोन वेळा दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या दोरीशी त्याला दमेपर्यंत खेळवा आणि खेळ संपताच खायला द्या. खिडकीशी एक रुंद फळी ठोका. पुष्कळांचं दुसऱ्या मांजराचं काम इतक्यात भागतं.

मग बाहेरच्या मांजरांशी त्याचं वागणं बघा. समोरच्या घरचं मांजर कुंपणावर आलं, की तुमचं काय करतं? काचेवर धडका घेऊन घसा फाटेपर्यंत ओरडत असेल, आणि रोजच, तर त्याचं उत्तर मिळालं. दोन हातांचं अंतर राखून त्याच भिंतीवर ऊन खात बसत असेल, तर जागा आहे. आधी कधी दुसऱ्या मांजराबरोबर राहिलंय का, आईजवळ पुरेसे दिवस होतं का, हेही आठवा. डोळे उघडायच्या आत बाटलीच्या दुधावर वाढलेल्या एकुलत्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा हे भावंडांनी शिकवलेलं नसतं. ते मोठं झालं तरी खेळताना रक्त काढतं, आणि दुसऱ्या मांजराला तो खेळ वाटत नाही. तुमचं मांजर दहा-बारा वर्षांचं असेल, सांधे धरले असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: राहू द्या. त्याची उरलेली वर्षं त्याच्या खिडकीत जाऊ द्या.

एवढं होऊनही हवंच असेल, तर निवडीला लागा. लोक सगळ्यात आधी विचारतात, भाटी की बोका? मी सगळ्यात आधी विचारते, नसबंदी झाली आहे का? कारण बाकी सगळं त्यावर आहे. नसबंदी न झालेला बोका घरात आणला तर तो दारं, पडदे, तांदळाचं पोतं असं सगळं फवारून आपली हद्द आखतो. त्या वासाला औषध नाही. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली की ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि पिल्लं पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. ‘ती दोघं भावंडं आहेत, काही होत नाही,’ असं म्हणणाऱ्या घरात मी सहा महिन्यांनी सात मांजरं मोजलेली आहेत. तेव्हा आधीच्या मांजराची नसबंदी नवं आणण्यापूर्वी, आणि नव्याची साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात. बोक्याची नसबंदी झाल्यावरही काही आठवडे त्याचं बीज शिल्लक असतं, म्हणून तेवढे दिवस त्याला न झालेल्या भाटीपासून लांब ठेवा. दोघांची नसबंदी झालेली असली की नर-मादीचं गणित फारसं महत्त्वाचं राहत नाही. दोन बोके एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपतात आणि दोन भाट्या वर्षभर एकमेकींचं तोंड बघत नाहीत, उलटही पाहिलंय.

महत्त्वाचा आहे तो दम. म्हणजे अंगातली रग. वर्ष-दीड वर्षाच्या हुंदड्या बोक्याला सोबत द्यायची तर तितकंच दांडगं, पळापळीला तयार असं मांजर द्या. चार-पाच महिन्यांचं पिल्लू किंवा बरोबरीचा तरणा बोका. मवाळ, भित्रं मांजर त्याच्याबरोबर ठेवलं तर ते सहा महिने कपाटावरच काढेल. उलट घरचं मांजर सहा-सात वर्षांचं, शांत, एका जागी बसणारं असेल, तर ‘लहान पिल्लू आणा, मोठं मांजर त्याला सांभाळून घेईल’ हा सल्ला ऐकू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि निम्म्या वेळा चुकतो. मोठं मांजर पिल्लाला धोका मानत नाही, इतकाच फायदा. बाकी पिल्लाचा दिवस म्हणजे शेपटीवर उडी, कानाला चावा, ताटलीत पाय. अशा मांजराला तीन-चार वर्षांचं, शांत, आधी इतर मांजरांबरोबर राहिलेलं मोठं मांजर जास्त मानवतं. आणि पिल्लूच आणायचं ठरलं, तर दोन आणा. ती एकमेकांना छळतात आणि म्हाताऱ्याला सुटका मिळते. दोनाची तीन होतात हे खरं, पण उगाच गोड बोलून फसवण्यात अर्थ नाही.

माणसाळण्याचा काळ छोटा असतो. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लाने माणसाचा हात, आवाज, कुकरची शिट्टी अनुभवली, ते पुढे घरात रुळतं. तो काळ गोठ्याच्या माळ्यावर कुणाच्या नजरेला न पडता गेला असेल, तर पिल्लू देखणं असूनही हाताला यायला महिने लागतात. मात्र असं पिल्लू इतर मांजरांशी बऱ्याचदा छान वागतं, कारण मांजरांतच वाढलेलं असतं. आईपासून आठ आठवड्यांच्या आत तर तोडू नयेच, बारापर्यंत थांबता आलं तर उत्तम. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, फिरवू द्या. सातव्या घरी पोहोचेपर्यंत तिने त्यांना जे शिकवलेलं असतं ते तुम्हाला शिकवता येणार नाही.

रंगाचं थोडं. पिवळी-भगवी मांजरं बहुतेक नर असतात, पाचांतली चार तरी. आणि काळा, भगवा, पांढरा अशी तिरंगी जवळजवळ नेहमीच भाटी. भगव्या रंगाचं जनुक क्ष गुणसूत्रावर असतं, त्यामुळे असं होतं. बाजारात कुणी ‘तिरंगी बोका’ म्हणून काही विकू लागला, तर शेपटी वर करून बघा. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं. बहिरं मांजर पाळायला काहीच हरकत नाही, पण ते दुसऱ्याचं गुरगुरणं ऐकत नाही आणि इशारा न कळल्यामुळे पंजा खातं. पाठीमागे चाव्या वाजवून आधी पाहून घ्या. काळं मांजर अपशकुनी म्हणून शेवटपर्यंत कुणी नेत नाही. त्यात तुमचा फायदा असा की वेतातलं सगळ्यांत शहाणं पिल्लू कधीकधी तेच असतं आणि निवांत निवडायला मिळतं. राहिली पर्शियन. लांब केसांच्या या मांजरांना त्वचेच्या बुरशीचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला गजकर्ण म्हणतात त्याचा, त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, आणि तो माणसालाही लागतो. जिथे भिंतीला जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशी धरते त्या गावात मी तरी पर्शियन आणणार नाही. हौस असेल तर रोज विंचरायची तयारी ठेवा.

आता मिळवायचं कुठून? ओळखीच्या घरातून. आई कशी आहे ते बघायला मिळतं, पिल्लू भावंडांत कसं वागतं ते दिसतं. अर्धा तास जमिनीवर बसा. धावत येऊन बुटाच्या नाडीशी भांडणारं पिल्लू हुंदड्या मांजरासाठी. लांबून बघून, मग हळूच वास घेऊन मांडीशी टेकणारं पिल्लू शांत मांजरासाठी. कोपऱ्यात दडून फिस्कारणाऱ्याची कीव येते. पण घरी आधीच एक मांजर असताना कीव हा निवडीचा आधार नव्हे.

आमच्या पट्ट्यात एक धोका इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की पाटण, कऱ्हाड, शिराळा, वाळवा या भागांत फडात पिल्लं सापडतात. आई दिसत नाही, पिल्लं डोळे मिचकावत असतात, कुणीतरी दोन उचलून घरी नेतं. ही पिल्लं घरच्या मांजराची नसण्याची शक्यता मोठी. रानमांजर उसात वितं, वाघाटीही वितं. वाघाटी म्हणजे अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेलं, जगातल्या सर्वांत लहान रानटी मांजरांपैकी एक. पूर्ण वाढ झालेलं सुद्धा घरच्या बोक्याच्या निम्म्यानेच भरतं. मोठं रानमांजर ओळखणं सोपं, लांब पाय, आखूड कडेवाली शेपूट, कानाच्या टोकाला काळे केस. पण पंधरा दिवसांच्या पिल्लात घरचं कोणतं आणि रानचं कोणतं, हे भले भले सांगू शकत नाहीत. तेव्हा वस्तीपासून लांब उसात सापडलेलं पिल्लू रानाचंच समजायचं. हात लावायचा नाही, तेवढा तुकडा तोडायचा थांबवून माणसं बाजूला घ्यायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. बहुतेकदा रात्री आई येऊन घेऊन जाते. ही जनावरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, पाळणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हा नसता तरी सहा महिन्यांनी ते तुमच्या मनीचं काय करेल याचा विचार करा.

पिल्लू ठरलं की घरी आणण्याआधी दवाखाना. गावातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतात, मांजरांच्या लसी अनेकदा मागवाव्या लागतात. म्हणून आधी फोन करून विचारा, नाहीतर कऱ्हाडपर्यंतचा हेलपाटा फुकट जातो. तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत; रेबीजची तीन महिन्यांनंतर. तिहेरी लशीतल्या तीन आजारांपैकी एकाचं नाव लक्षात ठेवा, पॅनल्यूकोपेनिया. उलट्या-जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, आणि विषाणू फरशीच्या भेगांत, पायपुसण्यात वर्षभर टिकून राहतो. घरात अशा रीतीने एखादं पिल्लू दगावलं असेल, तर पुढचं वर्ष लस न झालेलं पिल्लू त्या घरात आणू नका. लस झालेलं मोठं मांजर आणा. फरशी सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणाने पुसा, नंतर साध्या पाण्याने. फिनाइल मात्र नको. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही, आणि मांजर फरशीवर चालून पाय चाटतं. मोठं भटकं मांजर आणत असाल तर रक्ताच्या थेंबावर होणारी एफआयव्ही आणि एफईएलव्ही ही तपासणी शहरातल्या डॉक्टरांकडून करून घ्या. पहिला विषाणू मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, दुसरा एकमेकांना चाटण्यातून आणि एका ताटलीतून. कानात चहापुडीसारखा काळा मळ दिसला तर गोचिडीच्या जातीचे किडे आहेत, तेही घरच्या मांजराला लागतात. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध लावण्याची हुशारी करू नका. त्यातल्या परमेथ्रिनने मांजर तडफडून मरतं.

आणण्याची वेळ. इथे मी माझ्या चुकीवरून बोलते. पावसाळ्यात आणू नये. दोघांनाही एकाच छपराखाली कोंडून घ्यावं लागतं, भांडण झालं तर पहिल्याला बाहेर पडून राग निवळायला जागा नसते, शिवाय आमचे ओले कपडे, ओल्या सतरंज्या, सगळ्यांचीच डोकी तापलेली. दिवाळीचे फटाके संपू द्या. पावसाळा सरताना झालेली पिल्लं तोपर्यंत दोन-अडीच महिन्यांची झालेली असतात, पहिली लस झालेली असते, दारं-खिडक्या उघड्या ठेवता येतात. पुढच्या मृगापर्यंत सहा-सात महिने हातात राहतात. तेवढ्यात वहिवाट ठरते.

पहिले दोन आठवडे नव्याला वेगळ्या खोलीत. आजार असेल तर तो या काळात बाहेर पडतो आणि वासाची ओळखही सुरू होते; एकाच दगडात दोन कामं. वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठून आणणार, हे मला ठाऊक आहे. आतली खोली द्या, ती नसेल तर न्हाणीघर कोरडं करून द्या, तेही नसेल तर शेजारणीला पंधरा दिवसांसाठी गळ घाला. आत त्याची वेगळी ताटली, वेगळं पाणी, वेगळा ट्रे, आणि दडायला आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. बाहेरच्याच्या दिनक्रमात मात्र तसूभर बदल नको. आधी त्याला खायला, आधी त्याच्याशी बोलणं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जुना सुती मोजा घ्या, नव्याच्या गालांवरून हलकेच फिरवा आणि पहिल्याच्या वाटेवर टाका. मोजा त्याच्या ताटलीजवळ ठेवायचा नाही, वाटेवर. ते येईल, थबकेल, वास घेईल, कदाचित मोज्यालाच फिस्कारेल. फिस्कारू दे. फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’; ते सभ्य बोलणं आहे, मारामारी नव्हे. दोन दिवसांनी त्याच मोज्याकडे न बघता ओलांडून गेलं, की पुढची पायरी. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी पाच-सहा हातांवर, मग रोज वीतभर जवळ. दाराला टेकून दोघंही निवांत खाऊ लागली की दाराच्या फटीत पाचर घालून बोटभर उघडं ठेवा. डासांची जाळी लावलेलं दार असेल तर देवच पावला. समोरासमोर भेट शेवटी, जेवणाच्या वेळेआधी, पाच मिनिटं, मधे दोरी हलवत. कुणालाही उचलून दुसऱ्याच्या तोंडाशी धरायचं नाही. ओरखडे तुमच्या दंडावर उमटतील. हाताशी जाड गोधडी किंवा मोठा पुठ्ठा असू द्या, जुंपलीच तर मधे सरकवायला. पाणी मारू नका. दुसरं आलं की अंगावर पाणी पडतं, एवढंच मांजर शिकतं. हे सगळं कधी आठवड्यात उरकतं, कधी तीन महिने लागतात. पहिलं मांजर दोन दिवस काहीच खात नसेल, तर ‘रुसलंय’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. ठकीच्या वेळी मला हे माहीत नव्हतं. निभावलं ते नशिबाने.

भांडणाचा आवाज येत नाही म्हणजे जमलं असं नाही. खरा जाच मुका असतो. एक मांजर उंबऱ्यात आडवं पडून राहतं, दिसायला झोपलेलं. दुसरं आतल्या खोलीत उभं, ट्रे बाहेर आहे, त्याला जायचं आहे, पण उंबऱ्यातलं डोळा उघडून फक्त बघतं. दुसरं परत फिरतं आणि संध्याकाळी गादीवर ओलं सापडतं. आपण गादी ओली करणाऱ्याला रागावतो. उपाय रागावण्यात नाही, मांडणीत आहे. दोन मांजरांना तीन ट्रे, तेही एका रांगेत नाहीत. रांगेतले तीन ट्रे मांजराच्या हिशेबाने एकच. ताटल्या एकमेकांना दिसणार नाहीत अशा. पाणी दोन ठिकाणी. आणि पोटमाळा, कपाट, फळ्या यांवर चढायला एक आणि उतरायला दुसरी वाट, म्हणजे कुणी कोंडलं जात नाही. ट्रेसाठी विकतचं लिटर परवडत नसेल तर बारीक वाळू मे महिन्यातच चाळून, वाळवून पोत्यात भरून ठेवा. जळणाची बेगमी करतो तशी हीसुद्धा करायची. जुलैत कोयनेला कोरडी वाळू मागून मिळत नाही. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि थेंब पडत नाही असं दिसलं, तर ते भांडण नव्हे, लघवी अडकली आहे. त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी.

जमू लागल्याची खूण ओळखायची ती शेपटीवरून. समोरून येताना शेपटी काठीसारखी उभी आणि टोक किंचित वाकलेलं असेल, तर तो रामराम आहे. नाकाला नाक लागलं, एकाने दुसऱ्याचं डोकं चाटलं, तर तुमच्या नशिबाचा हेवा करावा. एकाच खोलीत एकमेकांकडे पाठ करून झोपली तरी माझ्या लेखी पैकीच्या पैकी. सांजेला दोघांनाही आत घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. अभयारण्याला लागून राहतो आपण, बिबट्याला आपलं-परकं नसतं. आणि तीन-चार महिने मनापासून करूनही एकाचं अंग झडू लागलं, ते दिवसदिवस कपाटावरून उतरत नसलं, तर नव्याला दुसरं चांगलं घर शोधून द्या. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी फक्त कोयनेच्या लोकांसाठी. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली ते आता म्हातारे झाले, पण लहान धक्के आपल्या अंगवळणी पडलेत; भांडी खुळखुळली की आपण वर बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. मांजराच्या ते अंगवळणी पडत नाही. घाबरलेलं मांजर समोर जे दिसेल त्यावर तुटून पडतं, आणि समोर बहुधा दुसरं मांजर असतं. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेली दोघं एका धक्क्यानंतर वैऱ्यासारखी भांडतात. हीच गोष्ट फटाक्यांची. अशा वेळी जमलेलं मोडलं असं समजून घायकुतीला येऊ नका. गोधडी मधे टाका, दोघांना दोन खोल्यांत बंद करा, अंधार करा, हात लावू नका. काही तासांत निवळलं तर ठीक, नाहीतर दोन-तीन दिवस वेगळं ठेवून पुन्हा दाराशी ताटल्या, पुन्हा मोजा.

आमच्याकडे हे दोनदा झालं. ते भिजलेलं पिल्लू, म्हणजे बंड्या, आता ठकीपेक्षा दीडपट आहे. त्याला मी त्या वर्षी शेजारणीकडे दोन महिने ठेवून दिवाळीनंतर नव्याने आणलं होतं. गेल्या वर्षी रात्री धक्का बसला तेव्हा दोघांची अशी जुंपली की स्वयंपाकघरभर केस उडाले. तीन दिवस दार बंद. चौथ्या दिवशी फट ठेवली, तर ठकी आपली ताटली सोडून दाराशी आली, फटीतून पंजा आत घातला आणि त्याच्या ताटलीतला सुकट ओढून घेतला. बंड्या मागे सरकून बघत राहिला. मी दार उघडलं.